विश्लेषण : सुट्टी लागली की बोलणेच थांबते! खान्देशातील कर्णबधिर विद्यार्थ्यांचे वर्ष नेमके कसे जाते?

शाळेला सुट्टी लागली की मुले खूश होतात, असे आपण गृहीत धरतो. निवासी कर्णबधिर विद्यालयात शिकणाऱ्या मुलांसाठी मात्र सुट्टीचा अर्थ थोडा वेगळा असतो. घरी आई-वडील असतात, आवडीचे जेवण असते, मायाही असते. पण मनातले सगळे सांगता येईल असे माणूस बऱ्याचदा नसते. ज्या भाषेत ही मुले वर्षभर भांडतात, चिडवतात, गृहपाठ विचारतात, ती हातांची भाषा गावात कोणालाच येत नाही. ती भाषा असते फक्त शाळेत आणि वसतिगृहात.

म्हणूनच जळगाव-धुळ्याकडच्या कर्णबधिर मुलांचे शालेय वर्ष समजून घ्यायचे, तर केवळ अभ्यासक्रम आणि निकाल पाहून भागत नाही. शाळा ही त्यांच्यासाठी शिकण्याची जागा आहेच, पण ती त्यांच्या भाषेचे गावही आहे. दहावी झाली की हे गाव सुटते. तेव्हा पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

कर्णबधिर नेमके कोणाला म्हणतात?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या ध्वनिपट्ट्यात ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त श्रवणऱ्हास असेल, तर ती व्यक्ती ‘बधिर’ ठरते. ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असेल, तर ‘ऐकण्यास कठीण जाणारी’. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदवली गेली.

डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता १० पट होते. म्हणजे ज्याला २० डेसिबलचा आवाज जेमतेम ऐकू येतो, त्याच्या तुलनेत ७० डेसिबलला ऐकू लागणाऱ्या कानाला १ लाख पट तीव्रता लागते. ‘जरा मोठ्याने बोला म्हणजे कळेल त्याला’ हा सल्ला का चालत नाही, ते यावरून लक्षात येईल.

आणखी एक गोष्ट. ‘मूकबधिर’ हा शब्द अनेक शाळांच्या पाट्यांवर आजही आहे. पण बहुतेक कर्णबधिर मुलांच्या स्वरयंत्रात काहीच दोष नसतो. जे कानावर पडलेच नाही, ते तोंडातून येणे अवघड जाते, इतकेच. म्हणून ‘मुका’ हा शब्द चुकीचा तर आहेच, शिवाय दुखावणाराही आहे.

श्रवणयंत्र लावले की प्रश्न सुटत नाही का?

चष्मा लावला की अक्षर स्पष्ट दिसते, तसे श्रवणयंत्राचे होत नाही. यंत्र आवाज मोठा करते, पण फक्त शिक्षकांचा नाही. पंखा, बाकांची सरकासरक, शेजारच्या वर्गातला गलका, सगळेच मोठे होते. शिक्षक फळ्याकडे वळले की आवाज कमी होतो आणि ओठही दिसेनासे होतात. त्यात मूल वाढते तसा कानाचा साचा बदलावा लागतो, सेल संपतात आणि खान्देशातल्या उन्हाळ्यात घामाने यंत्र खराब होण्याची भीती असतेच.

ओठ वाचण्यालाही मर्यादा आहे. आरशासमोर उभे राहून ‘पाळ’, ‘बाळ’, ‘माळ’ असे आवाज न काढता म्हणून पाहा. तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. क, ख, ग तर घशाशी तयार होतात, ते दिसतच नाहीत. त्यामुळे ओठ वाचणाऱ्या मुलाला अर्धे पाहून उरलेले अंदाजाने भरावे लागते. आणि अंदाज बांधायला भाषा आधी यावी लागते.

कॉक्लिअर इम्प्लांटचा उपयोग होतो, पण त्याला वयाची अट महत्त्वाची. केंद्राच्या ‘ॲडिप’ योजनेत या शस्त्रक्रियेसाठी मदत मिळते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी ती साधारण ५ वर्षांपर्यंतच आहे. तज्ज्ञ ‘१-३-६’ हा नियम सांगतात : पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात. गावाकडे मात्र ‘आमच्या घरात सगळेच उशिरा बोलतात’ असे म्हणत दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. आज नववी-दहावीत असलेल्या अनेक मुलांची ही वेळ कधीच गेली आहे.

एका मुलाला किती भाषा?

अमळनेर तालुक्यातल्या एखाद्या गावातली, शेतकरी घरातली मुलगी डोळ्यांसमोर आणा. घरात अहिराणी बोलतात. शाळेची पुस्तके प्रमाण मराठीत. रावेर-यावलकडची मैत्रीण असेल, तर तिच्या घरी तावडी किंवा लेवा गणबोली. शिरपूरच्या डोंगराळ भागातून आलेल्या मुलाच्या घरी पावरी. ऐकू येणाऱ्या मुलाला या सगळ्या भाषा आपोआप कानावर पडत शिकता येतात. आई ‘काय करी राहिना?’ म्हणते आणि बाई ‘काय करतोस?’ विचारतात, हे दोन्ही एकच आहे, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. कर्णबधिर मुलाला मात्र ओठांच्या दोन वेगळ्या हालचाली दिसतात.

जगभरच्या अभ्यासांनुसार नव्वद टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आई-वडिलांच्या पोटी जन्मतात. त्यामुळे घरात सांकेतिक भाषा नसते. असतात त्या घरगुती खुणा : जेवायला ये, पाणी आण, झोप, ओरडेन हं. त्यांवर रोजचे व्यवहार चालतात. पण ‘आजी दवाखान्यात का आहे?’ किंवा ‘ताईचे लग्न कधी ठरले?’ हे त्या खुणांत मावत नाही.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे अशा खुणा नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या शेवटी येतो : ‘तू नाव काय?’ नकारही शेवटी येतो. ‘कोणी कोणाला दिले’ हे विभक्तीच्या प्रत्ययाने नाही, तर हात कुठून कुठे गेला यावरून कळते. भुवया, मान, चेहरा हेही व्याकरणाचाच भाग. त्यामुळे मराठी लिहिताना ‘मी आईला पत्र दिले’ऐवजी ‘मी आई पत्र दिला’ असे वाक्य वहीत उतरते. ते मठ्ठपणाचे लक्षण नाही. एका भाषेत विचार करून दुसऱ्या भाषेत लिहिण्याची ती धडपड आहे. शाळेत अहिराणी बोलल्यावर ‘गावंढळ’ म्हणून हसू झालेल्या खान्देशी माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

शाळांत हातांची भाषा का टाळली जायची?

त्यामागे मोठा इतिहास आहे. इटलीतील मिलान येथे १८८० मध्ये झालेल्या बधिर शिक्षणाच्या परिषदेने वर्गात सांकेतिक भाषेऐवजी फक्त तोंडी भाषा वापरावी, असा ठराव केला. त्याचे पडसाद जगभर उमटले. मुंबईत बधिरांसाठीची शाळा त्याच दशकात सुरू झाली. पुढची शंभर वर्षे ‘हात चालवले तर जीभ चालणार नाही’ हा समज शाळांत टिकून राहिला. २०१० मध्ये कॅनडातील व्हँकुव्हरच्या परिषदेने मिलानचे ठराव नाकारले आणि झालेल्या नुकसानीबद्दल खेद व्यक्त केला.

भारतात २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र दिल्लीत सुरू झाले. त्याच्या शब्दकोशात २०१८ मध्ये ३ हजार, २०१९ मध्ये ६ हजार आणि २०२१ पर्यंत १० हजार शब्द झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये या भाषेचे देशभर प्रमाणीकरण करण्याबरोबरच स्थानिक सांकेतिक भाषांचा आदर राखावा, असेही म्हटले आहे. २०२१ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने माध्यमिक स्तरावर ती भाषा विषय म्हणून आणली.

जून ते दिवाळी : वसतिगृहात काय घडते?

जूनच्या मध्यावर शाळा उघडते. तेव्हा खान्देशात कपाशीच्या लागवडीची घाई असते. पत्र्याची पेटी, गादी आणि खाऊची पिशवी घेऊन पालक एसटीने मुलाला सोडायला येतात आणि त्याच दिवशी परततात. जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठानच्या श्रवण विकास मंदिरासारखी कर्णबधिर विद्यालये आहेत. पण दूरच्या तालुक्यातल्या मुलांना रोज ये-जा करणे शक्य नसल्याने निवासी शाळा हाच पर्याय उरतो.

नव्या मुलाला वसतिगृहात पहिली गोष्ट मिळते ती म्हणजे नाव. कागदावरचे नाव नाही, खुणेचे नाव. गालावरची खळी, कपाळावरचा व्रण, सारखा चष्मा वर सारण्याची सवय, यातून मोठी मुले एक खूण ठरवतात आणि ती कायमची चिकटते. पुढे चाळिशीतही जुना मित्र त्याच खुणेने हाक मारतो.

हाक मारण्याच्या पद्धतीही वेगळ्या. दिव्याचे बटण चालू-बंद करायचे, जमिनीवर पाय आपटून कंप पोहोचवायचा, खांद्यावर टिचकी मारायची किंवा हवेत हात हलवायचा. वर्गात बाके रांगेत न लावता अर्धगोलात मांडली, तर प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतात. उजेड ही इथली मूलभूत गरज आहे. रात्री वीज गेली की इतर वसतिगृहांत गप्पा रंगतात. इथे त्या थांबतात. मग एकाने टॉर्च धरायचा आणि दुसऱ्याने बोलायचे.

अभ्यासातली अडचण आठवीपासून वाढते. ‘झाड’, ‘पाणी’, ‘पाने’ यांना खुणा आहेत. पण ‘प्रकाशसंश्लेषण’, ‘त्वरण’, ‘बहुपदी’, ‘सार्वभौमत्व’ यांचे काय? शब्दकोशात खूण सापडली नाही, तर शिक्षक आणि मुले मिळून वर्गापुरती एक खूण ठरवतात. ती जळगावच्या एका शाळेत एक आणि धुळ्याच्या शाळेत दुसरीच असू शकते. एनसीईआरटीने २०२० मध्ये आपली पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्यासाठी करार केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये पीएम ई-विद्येची ३१ क्रमांकाची वाहिनी खास सांकेतिक भाषेसाठी सुरू झाली. मात्र राज्य मंडळाची मुले बालभारतीची पुस्तके वाचतात. धडा वेगळा, क्रम वेगळा, माध्यम मराठी. त्यामुळे चित्रफितीचा उपयोग होतो, पण ती थेट परीक्षेच्या पुस्तकाशी जुळत नाही.

श्रावणात कानबाईचे रोट आणि पोळा येतो. घरी गेलेल्या मुलांना पूजा दिसते, नैवेद्य मिळतो, पण त्यामागची कथा कोणी सांगितलेली नसते. ती कळते शाळेत परत आल्यावर, एखाद्या मोठ्या मुलाने किंवा बाईंनी हातांनी सांगितली तर. २३ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिवस. जागतिक बधिर महासंघाची स्थापना १९५१ मध्ये याच तारखेला झाली आणि २०१८ पासून हा दिवस जगभर पाळला जातो.

३ डिसेंबरची वाट का पाहिली जाते?

जागतिक दिव्यांग दिनाच्या निमित्ताने जिल्हा पातळीवर क्रीडा आणि सांस्कृतिक स्पर्धा होतात. बाहेरच्यांना त्या फक्त पदके आणि प्रमाणपत्रांच्या वाटतात. मुलांसाठी मात्र दुसऱ्या शाळेतली आपल्यासारखी मुले भेटण्याची ही वर्षातली मोठी संधी असते. मैदानाच्या कडेला खुणांची अदलाबदल होते, नव्या ओळखी होतात आणि आता स्वस्त डेटामुळे त्या व्हिडीओ कॉलवर टिकतातही.

खेळात कान आड येत नाहीत, हेही इथेच कळते. बधिरांची स्वतःची जागतिक स्पर्धा १९२४ पासून आहे, पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा झाली. डेफलिम्पिक्समध्ये बंदुकीच्या आवाजाऐवजी दिव्याच्या इशाऱ्यावर शर्यत सुरू होते आणि खेळताना श्रवणयंत्र काढून ठेवावे लागते. मे २०२२ मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या स्पर्धेत भारताने ८ सुवर्णांसह १६ पदके मिळवली होती.

थंडीत खान्देशात भरीत पार्ट्यांचे दिवस येतात. शाळेच्या आवारात काड्या पेटवून वांगी भाजायची, कळण्याच्या भाकरीबरोबर खायची, हा कार्यक्रम इथेही रंगतो. फरक एकच : हात भरताने माखले की गप्पा बंद!

दहावीच्या परीक्षेत सवलती असतात का?

जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे राज्य मंडळाच्या नाशिक विभागात येतात. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ताशी २० मिनिटे जादा वेळ, गरजेनुसार लेखनिक आणि भाषा विषयांच्या निवडीत सूट अशा सवलती आहेत. त्यासाठी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासह शाळेमार्फत वेळेत अर्ज करावा लागतो. प्रमाणपत्राची मुदत, यूडीआयडी कार्डावरचे नाव आणि शाळेतले नाव यांत फरक असेल, तर तो दहावीच्या वर्षी नव्हे, आठवी-नववीतच दुरुस्त करून घेणे हिताचे.

या सवलतींची दुसरी बाजूही पालकांनी समजून घ्यायला हवी. एखादी भाषा सोडली की उत्तीर्ण होणे सोपे जाते. पण तीच भाषा इंग्रजी असेल, तर पुढे आयटीआयमधली यंत्रावरची सूचना, संगणक आणि नोकरीचा अर्ज, तिन्ही ठिकाणी तिची गरज पडते. सूट घ्यायची की नाही, हा निर्णय मुलाशी त्याच्या भाषेत बोलून घ्यायला हवा.

सुट्टीत आणि दहावीनंतर काय होते?

एप्रिलअखेर खान्देशात पारा ४४-४५ अंशांकडे सरकतो. आखाजीला माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात. घर माणसांनी भरते आणि नेमके त्याच गर्दीत कर्णबधिर मूल एकटे पडते. सगळे एकदम हसतात, तेव्हा तेही हसते. का हसले ते नंतर कोणी सांगत नाही. ‘काही नाही, तुला नंतर सांगते’ हे वाक्य त्याने ओठांवर सगळ्यात जास्त वेळा वाचलेले असते.

शाळेत असताना ही सुट्टी दीड महिन्याची असते. दहावीनंतर ती कायमची होऊ शकते. साध्या कनिष्ठ महाविद्यालयात ८०-१०० मुलांच्या वर्गात दुभाषी नसेल, तर प्रवेश मिळूनही शिक्षण पोहोचत नाही. मग फळ्यावरचे उतरवून घेणे आणि मित्राची वही मागणे एवढेच उरते.

पर्याय आहेत, पण बरेचसे दूर. कर्णबधिरांच्या उच्च शिक्षणासाठी ‘टीच’ ही संस्था २०१६ पासून मुंबईत काम करते. वांद्र्यातील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. जळगाव ते मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. मुलीला एवढ्या लांब ठेवायचे का, या प्रश्नावरच अनेक घरांत चर्चा संपते. जळगावातच दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ हा दिव्यांग तरुणांसाठीचा निवासी प्रकल्प आहे. आयटीआयचा पर्यायही जवळचा.

वाट कुठपर्यंत जाऊ शकते, याचे उदाहरणही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी यांनी दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. त्यांच्या बुद्धीत काही वेगळे नव्हते. त्यांच्या शेजारी दुभाषी होता, हे वेगळे होते.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातील मुख्य तरतुदी अशा :

– कलम १६ : बधिर विद्यार्थ्यांना सर्वांत योग्य भाषेत आणि संवादाच्या योग्य माध्यमातून शिक्षण देणे.

– कलम १७ : सांकेतिक भाषेची पात्रता असलेले शिक्षक घडवणे आणि नेमणे. यात दिव्यांग शिक्षकही येतात.

– कलम ३१ : किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण.

– कलम ३२ : सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आणि वयात ५ वर्षांची सूट.

– कलम ३४ : सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण, त्यातील १ टक्का बधिर आणि ऐकण्यास कठीण जाणाऱ्यांसाठी.

राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन केला. म्हणजे कागदावर उणीव फारशी नाही. उणीव आहे ती वर्गात उभ्या राहणाऱ्या, हातांनी अस्खलित बोलणाऱ्या माणसांची. कर्णबधिर शिक्षक वर्गात असला की मुलांना भाषा तर मिळतेच, शिवाय मोठेपणी आपण कसे असू शकतो, हेही पहिल्यांदा दिसते.

घरच्यांना काय करता येईल?

सांकेतिक भाषेचा शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहे आणि त्याचे ‘साइन लर्न’ नावाचे ॲपही आहे. रोज पाच शब्द शिकले, तर वर्षाला दीड हजारांहून अधिक होतात. आईने शिकलेली पहिली शंभर वाक्ये कोणत्याही यंत्राइतकीच महत्त्वाची. मुलाला शिक्षक करा आणि त्याच्याकडूनच शिका, हा सर्वांत सोपा मार्ग. बोलताना समोर बसा, तोंडावर उजेड राहू द्या आणि सगळे हसले की का हसले ते लगेच सांगा; ‘नंतर सांगते’ म्हणू नका.

दिवाळी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत तालुक्याच्या गावी एखाद्या रविवारी दोन-चार कर्णबधिर कुटुंबांनी एकत्र यायला पैसा लागत नाही. चाळीसगाव, पारोळा, शिंदखेडा, साक्री, कुठेही एका झाडाखाली ते होऊ शकते. मुलांना एवढेच हवे असते : शाळेच्या फाटकाबाहेरही आपल्याशी बोलणारे कोणीतरी.